भिंतीआडचा रस्ता

चालकविरहित मोटारींना या देशात कदापि प्रवेश मिळणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात ठणकावून सांगितले. सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या पोटाचा प्रश्न त्यांनी पुढे केला. २०१७ मध्येही त्यांचे म्हणणे हेच होते. या दोन घोषणांच्या मधल्या काळात, जुलै २०२२ मध्ये, याच केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याने हैदराबादच्या आयआयटीत स्वयंचलित वाहनांच्या चाचणीक्षेत्राचे उद्घाटन केले. ‘तिहान’ या नावाच्या त्या केंद्रावर सुमारे १३० कोटी रुपये खर्ची पडले. एका खात्याने पैसा द्यायचा आणि दुसऱ्याने दार लावायचे, हे दिल्लीला नवे नाही. मात्र या विषयात पीएचडी करणाऱ्या तरुणांची त्यात कोंडी होते आणि तिची किंमत रस्त्यावरच्या माणसाला मोजावी लागते.

गडकरींची चिंता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या घरात शेती पुरत नाही, तिथे मोटार चालवण्याचा परवाना हीच मिळकत असते. पण या संशोधनाचा हेतू चालकाला खाली उतरवणे एवढाच आहे, हा समज चुकीचा आहे. त्यातला मोठा भाग वाहनाला समोरचे दिसावे, धोका आधी कळावा आणि रस्त्याने वाहनाशी बोलावे, यासाठीच चालतो.

भारतात हे दिसणेच अवघड आहे. जर्मन शहरांच्या चित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली इकडच्या रस्त्यावर गोंधळते. म्हणून हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी हैदराबाद व बंगळूरच्या रस्त्यांवरची सुमारे दहा हजार चित्रे जमवली आणि त्यांतील प्रत्येक वस्तूला नाव दिले. त्यात रिक्षा आली, जनावरे आली. डांबराच्या कडेची मातीची पट्टी रस्त्यात धरायची की नाही, हाही प्रश्न आला. कारण आपल्याकडे गरज पडली की वाहने तिथूनही जातात. अमेरिकेत टेम्पी येथे मार्च २०१८ मध्ये चाचणीच्या मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला ठार केले. ठरल्या जागेवाचून कोणी रस्ता ओलांडील, हे त्या प्रणालीला शिकवलेलेच नव्हते. भारतात बहुतेक लोक तसाच रस्ता ओलांडतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. परदेशातून आयात केलेली प्रणाली या लोकांना ओळखणार नाही. ते काम इथल्याच प्रबंधांना करावे लागेल.

वाहनांनी एकमेकांना बिनतारी इशारे द्यावेत, ही कल्पना आकर्षक खरी. पण साधा हिशेब करून पाहावा. दहापैकी एका वाहनात यंत्र बसले, तर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही वाहनांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. चौकातल्या खांबावर बसवलेले यंत्र मात्र ते ऐकू शकणाऱ्या पहिल्याच वाहनाला उपयोगी पडते. भारतासारख्या देशात सुरुवात मोटारीपासून न होता रस्त्यापासून व्हावी, ती याच कारणाने. नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसच्या चालकाला टकरीचा इशारा देणारी यंत्रे बसवली गेली आणि त्यांच्या नोंदींवरून धोक्याच्या जागा शोधण्याचे ठरले. तिथे चालकाची नोकरी गेली नाही. उलट त्याला मदतच मिळाली. मंत्रिमहोदयांच्या स्वतःच्या मतदारसंघातले हे उदाहरण त्यांच्या भाषणातल्या भीतीला पुरेसे उत्तर आहे.

अडते ते रस्त्याच्या मालकीपाशी. राजधानीचाच दाखला घ्यावा. इथे रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महापालिकेचा किंवा नवी दिल्ली पालिकेचा असू शकतो; सिग्नल वाहतूक पोलिसांकडे आणि पोलीस केंद्रीय गृहखात्याकडे. एका चौकातल्या हिरव्या-लाल दिव्यांच्या वेळा आणि तिथल्या अपघातांच्या नोंदी संशोधकाला एकत्र हव्या असतील, तर अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा? अपघातांची एकत्रित नोंद ठेवणारी ‘आयरॅड’ ही सरकारी यंत्रणा मद्रास आयआयटीच्याच साहाय्याने उभी राहिली. तिच्यातील नावे व वाहनक्रमांक वगळून उरलेली माहिती सर्व विद्यापीठांना खुली करण्यात गुपित कसले?

कायद्याचे कारणही टिकत नाही. ब्रिटनने २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा स्वतंत्र कायदा करून जबाबदारी कोणाची, हे ठरवले. भारताला निदान चाचणीसाठी तेवढेही करावे लागणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम २-ब संशोधनासाठी ठरावीक वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला देते. त्याखाली अटी घालून, सुरक्षाचालक बसवून, आठवड्याचे काही तास एखादा मार्ग चाचणीला देता येतो. तसे झाले नाही, तर हैदराबादच्या दोन एकरांत, जिथे कोणी अवचित रस्ता ओलांडत नाही, तिथेच हे प्रबंध पुरे होतील. कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून संशोधकाला पाच वर्षे मिळतात. कलम २-ब कायद्यात येऊन त्याहून अधिक काळ लोटला आहे.