आपल्यापुरती बाग

अद्भुत कथांतील राजे आणि जादूगार वाचकाला दिपवून टाकतात. पण त्याच्या मनात घर करते ते बहुधा एखादे साधे पात्र. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील सॅम गॅमजी हा असाच एक माळी.

अमर्याद सत्ता देणारी अंगठी नष्ट करण्यासाठी निघालेल्या फ्रोडो या आपल्या मालकाची सोबत सॅम अखेरपर्यंत करतो. वाटेत काही काळ ती अंगठी त्याच्याच हाती येते. ज्याची जशी इच्छा, तसे तिचे आमिष. सॅमला ती उजाड प्रदेशाची अफाट बाग झालेली दाखवते. क्षणभर तो मोहतो. मग त्याला उमगते, की स्वतःच्या हातांनी राखता येईल एवढीच बाग आपल्याला पुरे. पुढे तो अंगठी मालकाला परत करतो आणि मालकाला चालवेनासे झाल्यावर त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो.

टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होते. महायुद्धात जवळून पाहिलेल्या सामान्य सैनिकांची छाया सॅमवर आहे, असे त्यांनीच नमूद केले आहे.

वाचकाला जादू येत नाही, तलवारही पेलत नाही. परंतु हाती आलेली दुसऱ्याची ठेव परत करताना मन डळमळणे त्याला ठाऊक असते. सॅमचेही मन डळमळते, तरीही तो ती परत करतो. म्हणूनच तो वाचकाला आपला वाटतो.