सदोष बस परत बोलावण्याचा कायदा आणि भोर-वेल्ह्याची वाट

वाहनात निर्मितीचाच दोष निघाला तर कारखानदाराने ते परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून द्यावे, हे तत्त्व भारतीय कायद्यात फार उशिरा आले. अमेरिकेने त्यासाठी १९६६ सालीच कायदा केला. आपल्याकडे मोटारनिर्मात्यांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. चालक, प्रवासी वा रस्त्यावरील इतरांना अपाय होईल असा दोष आढळल्यास ती वाहने मागे घेण्याचा आदेश केंद्र सरकार आता देऊ शकते. कारखानदाराने आपण होऊन ती मागे घेतली नाहीत आणि सक्ती करावी लागली, तर एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रश्न एवढाच की, मुंबई-पुण्याच्या मोटारमालकाच्या हाती पडणारी कंपनीची सूचना हिर्डस मावळातील किंवा कानंद खोऱ्यातील शाळकरी मुले ज्या गाडीत बसतात तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावी?

इंधनयंत्रणेतील दोष ही काही दुर्मीळ बाब नाही. मारुती सुझुकीने २०१० साली ए-स्टार जातीच्या सुमारे एक लाख गाड्या इंधनगळतीच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. २०१४ साली अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर या एक लाखाहून अधिक गाड्यांची इंधन भरण्याची नळी बदलून दिली. सदोष इंधनपंपापायी होंडाने २०२० साली ६५,६५१ आणि २०२४ साली ९०,४६८ मोटारींसाठी अशीच मोहीम काढली. ही सारी उदाहरणे खासगी मोटारींची आहेत आणि फरक नेमका तिथेच आहे. खासगी मोटारीत मालक स्वतः बसतो. कंपनीचे पत्र आले की जिवाच्या काळजीने तो गाडी कार्यशाळेत नेतो. शाळेच्या बसमध्ये बसणारे मूल तिचे मालक नसते, त्याचे आईबापही नसतात, आणि पुष्कळदा शाळाही नसते. मालक असतो तो कंत्राटदार, आणि एक दिवस गाडी उभी राहिली तर त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो.

दोषाचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. इंधनपंप निकामी झाला तर इंजिन चालत्या गाडीत बंद पडते. सपाट रस्त्यावर ही केवळ गैरसोय. परंतु भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या किंवा वेल्ह्याहून केळदकडे चढणाऱ्या वळणांवर ते प्राणसंकट ठरू शकते. इंजिन थांबताच सुकाणूचे यांत्रिक साहाय्य जाते. लहान गाडीत ब्रेकला मिळणारी निर्वात-शक्ती दोन-चार दाबांत संपते, आणि मोठ्या बसमध्ये हवेचा दाब निर्माण करणारे यंत्र थांबून टाकीतील शिल्लक हवेवर भिस्त राहते. दुसरा प्रकार गळतीचा. डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नाही, हे खरे. तथापि उच्च दाबाच्या नळीला बारीक चीर पडून त्याचा फवारा तप्त टर्बोवर उडाला, तर आग लागण्यास ठिणगीचीही गरज उरत नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी जळाले. ती निर्मितीदोषाची घटना नव्हती. परंतु बसचे दार खाली दबले आणि डिझेलने पेट घेतला की आतल्या माणसाला किती अल्प अवधी मिळतो, हे तिने दाखवून दिले.

शाळेच्या बसबाबत या प्रश्नाचा खरा धडा अमेरिकेतील केंटकी राज्यात सापडतो. १४ मे १९८८ च्या रात्री कॅरलटन गावाजवळ दारूच्या नशेतील एका चालकाने उलट्या दिशेने येऊन एका बसला धडक दिली. बस मूळची शाळेची; पुढे एका चर्चने ती विकत घेतलेली. पुढच्या दाराजवळची पेट्रोलची टाकी फुटली, आगीने ते दार अडले, आणि मागच्या एकमेव संकटकालीन दाराकडे जाण्यासाठी अरुंद वाटेत सर्वांची चेंगराचेंगरी झाली. सत्तावीस जण मरण पावले, त्यांत बहुतेक मुले होती. धडकेने त्यांतील कोणीही मेले नव्हते. मृत्यू आले ते आगीने आणि धुराने. शाळेच्या बसची इंधनटाकी सुरक्षित असावी, हा संघराज्याचा नियम त्या देशात १ एप्रिल १९७७ पासून लागू झाला होता. ही बस त्याआधी नऊ दिवस तयार झाली होती. नियम झाला, नव्या गाड्या सुधारल्या. जुन्या मात्र रस्त्यावरच राहिल्या आणि हातोहात विकल्या गेल्या. टाकीभोवती पोलादी पिंजरा आणि अधिक दारे केंटकीने अनिवार्य केली, ती या मृत्यूंनंतर.

भारतीय नियमातही तारखेची अशीच एक मर्यादा आहे. परत बोलावण्याची सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. शहरातील बस काही वर्षे धावून जुनी झाली की ती बाजारात येते आणि तालुक्याच्या गावी, तेथून आणखी आतल्या रस्त्यावर पोहोचते. म्हणजे कायद्याचे संरक्षण संपते त्याच सुमारास गाडी डोंगराळ भागात येते, असे म्हणण्यास हरकत नाही. पंजाबातील संगरूर जिल्ह्यात लोंगोवाल येथे १५ फेब्रुवारी २०२० रोजी शाळेची एक मोडकळीस आलेली व्हॅन पेटून चार बालके जळाली. अशा गाडीला कारखानदार जबाबदार नसतो, कारण मूळ यंत्रणेत तोवर इतक्या हातांनी फेरफार केलेले असतात की, दोष कोणाचा हे ठरवणेच अशक्य होते. टाकीच्या गळतीला साबण किंवा एमसील लावणे, कंपनीच्या नळीऐवजी मिळेल ती रबरी नळी क्लिपने आवळणे, मागाहून बसवलेल्या गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांची सक्तीची दाबचाचणी टाळणे, ही मिस्त्रीची लबाडी नव्हे. सुटा भाग महाग आणि पुणे पन्नास किलोमीटर दूर, एवढेच त्याचे साधे गणित असते.

राज्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांनंतर, उशिरा का होईना, २०११ साली महाराष्ट्राने शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली. तीत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे; पालक, पोलिस व परिवहन खात्याचे प्रतिनिधी तिचे सदस्य. या समितीच्या बैठकीत भाडेवाढ, वेळ आणि थांबे यांवर बोलणे होते. इंजिनाखाली काय आहे हे मराठी किंवा गणित शिकवणाऱ्या मुख्याध्यापकाने तपासावे, ही अपेक्षा गैरवाजवीच आहे. परंतु सांगाडा क्रमांक वाचण्यास तंत्रज्ञ लागत नाही. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो क्रमांक घातला की त्या गाडीची परत बोलावणी झाली आहे किंवा नाही, हे क्षणात कळते. शाळेचा लिपिकही हे करू शकेल.

तरीही सारा भार शाळेवर टाकून परिवहन खात्याला मोकळे होता येणार नाही. शाळेची बस हे कायद्याने परिवहन वाहन असून, पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तिला योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. आज गाडीचा मालक कोण, हे सरकारी नोंदवहीत असते. कोणत्या क्रमांकाच्या गाड्या सदोष आहेत, हे कंपनीच्या यादीत असते. या दोन याद्या एकमेकींशी ताडून, ज्या गाडीची दुरुस्ती बाकी आहे तिचे प्रमाणपत्र रोखून धरणे, याला नवा कायदा करण्याचे कारण नाही. सात वर्षांची अट शालेय वाहनांपुरती काढून टाकणे मात्र केंद्राच्याच हाती आहे. त्यावर कारखानदार खर्चाची तक्रार करतील. एकूण वाहनांत शाळेच्या बसगाड्यांचे प्रमाण किती अल्प, हे पाहता त्या तक्रारीत फारसे बळ नाही.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. वेळवंड खोऱ्यातील गाडी पुण्याच्या अधिकृत कार्यशाळेत न्यावी, दोन दिवस ठेवावी आणि तोवर मुलांनी एसटीची वाट पाहावी किंवा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसावे, असे सांगणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करण्यास सांगणे होय. पंप किंवा नळी बदलणे हे काही तासांचे काम आहे. कंपनीने आपले फिटर आणि सुटे भाग घेऊन नसरापूरला, भोरला किंवा वेल्ह्याला एक दिवस यावे, गाड्यांनी पुण्याला जाऊ नये. मे महिन्याच्या सुट्टीत शालेय बसगाड्यांची तपासणी होते, त्या वेळी गाड्या रिकाम्या उभ्याच असतात. जूनमध्ये शाळा उघडतात आणि लगोलग मावळात पाऊस सुरू होतो. त्यानंतर या रस्त्यांवर बंद पडलेली गाडी कडेला घेण्यापुरतीही जागा अनेक ठिकाणी मिळत नाही.