विश्लेषण : विदेशी साप पाळण्याचा छंद, मागणी असूनही भाव का कोसळतात?

बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाकडे डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाला (डीआरआय) बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले ११ साप सापडले. त्यात ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक होते. परदेशात छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या या सापांचा बाजार कसा चालतो आणि भारतात तो अडचणीचा का ठरतो, याविषयी…

भाव कशावर ठरतो?

बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतील लहान, बिनविषारी अजगर. साध्या रंगाचा साप स्वस्त असतो. किंमत मिळते ती दुर्मीळ रंगाला. अमेरिकेत १९९२ मध्ये पैदास झालेल्या पहिल्या पांढऱ्या-पिवळ्या 'अल्बिनो' पिल्लांना प्रत्येकी सुमारे साडेसात हजार डॉलर मिळाले होते. आज तसेच पिल्लू काहीशे डॉलरमध्ये मिळते.

पुरवठा कसा वाढतो?

अल्बिनो रंगाचे जनुक अप्रभावी आहे. ते सुप्त स्वरूपात असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर सरासरी चारपैकी एका अंड्यातून अल्बिनो पिल्लू निघते. मादी साधारण तीन वर्षांत वयात येते आणि वर्षाला फार तर एकदा, बहुतेकदा ४ ते ६ अंडी घालते. नर मात्र एकाच हंगामात अनेक माद्यांशी जोडता येतो. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे तुटवडा राहतो आणि नंतर पिल्लांचा पूर येतो. वैजापूरच्या कांदा उत्पादकाला हे गणित नवे नाही : भाव पाहून सगळेच लागवड करतात आणि माल एकदमच बाजारात येतो. फरक एवढाच, की न विकलेला साप २० ते ३० वर्षे जगतो आणि त्याला खाऊ घालावेच लागते.

भारतात काय वेगळे?

नाग, घोणस, धामण आणि भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडल्यास किंवा बाळगल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि 'साइट्स' करारातील विदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवावे लागते. कॉर्न स्नेक या करारात नाही. आयातीचा परवाना मात्र त्यालाही लागतो. अधिकृत वाट अशी अरुंद असल्याने इथला भाव चढा राहतो आणि तस्करांना हाच फरक खुणावतो.

ग्राहकाने काय पाहावे?

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ओळखीतून साप मिळत असेल, तर पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, कागदपत्रांचा हवा. नोंद नसलेला साप पुढे उघडपणे विकता येत नाही आणि जप्तीची टांगती तलवार राहते. कंटाळा आला म्हणून तो जंगलात सोडणे हा उपाय नाही. सोडलेल्या व निसटलेल्या बर्मी अजगरांनी फ्लोरिडातील एव्हरग्लेड्समध्ये स्थानिक सस्तन प्राण्यांची संख्या कशी घटवली, हे जगाने पाहिले आहे. पैदाशीतून कमाईचा विचार करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की आजचा दुर्मीळ रंग पहिली पिल्ले विक्रीला येईपर्यंत साधा झालेला असू शकतो.