लस टोचल्यानंतरचे सात दिवस

औषध आजारी माणसाला दिले जाते. रोगप्रतिबंधक लस मात्र निरोगी माणसाला टोचली जाते. आजारी माणूस औषधाचा थोडाबहुत त्रास सोसतो, कारण रोगाचा त्रास त्याहून मोठा असतो. ज्याला काहीच झालेले नाही त्याला लसीमुळे दोन दिवस ताप आला, तर तो त्रास त्याला अकारण वाटतो. म्हणून लसीचा गुण जितक्या काटेकोरपणे पारखावा लागतो, तितक्याच काटेकोरपणे ती घेतल्यानंतर माणसाचे काय होते यावरही लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष कसे ठेवावे आणि त्याचा आरंभ रुग्णालयातील सेवकांपासून का व्हावा, याचा विचार येथे केला आहे.

पहिली टोचणी कोणाला?

रायपूर हे शहर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. आज ते छत्तीसगडची राजधानी आहे. कापडाच्या मोठ्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील पंडरी भागात जिल्हा रुग्णालय आहे. अशा रुग्णालयाचे नाव निघाले की डॉक्टर आणि परिचारिका डोळ्यांपुढे येतात. परंतु रुग्णालय चालते ते वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक आणि चादरी धुणारे यांच्या श्रमावर. रुग्णाच्या रक्ताशी, थुंकीशी आणि श्वासाशी यांचाही रोजचा संबंध येतो. साथीच्या दिवसांत संसर्गाचा धोका त्यांनाही तितकाच असतो.

कोविडच्या साथीत ही गोष्ट सरकारनेही मान्य केली. 16 जानेवारी 2021 रोजी देशभर लसीकरण सुरू झाले, तेव्हा आरोग्यसेवेतील सर्वांना प्रथम स्थान देण्यात आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्या दिवशीची पहिली लस एका सफाई कामगाराने घेतली, आणि रायपूरच्या डॉ. आंबेडकर रुग्णालयातही पहिला मान एका सफाई कामगार स्त्रीलाच मिळाला. या गोष्टीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु लस प्रथम घेणारा माणूस हा त्या लसीचा प्रथम साक्षीदारही असतो. त्याला काय झाले हे विचारले गेले नाही, तर त्याच्या धैर्याचा उपयोग निम्माच होतो.

आकडा लहान का होता?

लसीकरणाच्या पहिल्या तीन दिवसांत, 18 जानेवारीच्या सायंकाळपर्यंत, देशात 3,81,305 जणांना लस देण्यात आली आणि त्यांपैकी 580 जणांच्या बाबतीत काही ना काही प्रतिकूल घटना नोंदली गेली, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. हे प्रमाण साधारण साडेसहाशे माणसांत एक असे पडते. लस किती निर्धोक आहे याचा पुरावा म्हणून अनेकांनी या आकड्याकडे बोट दाखविले.

आता दुसरा आकडा पाहावा. त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या दोन लसींपैकी कोविशील्ड ही लस ज्या मूळ लसीची भारतीय आवृत्ती होती, तिच्या चाचण्यांत टोचलेली जागा दुखरी झाल्याचे निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले होते. डोकेदुखी आणि थकवा यांचे प्रमाणही जवळजवळ तितकेच होते. चाचणीत दोघांमागे एकाला त्रास, आणि प्रत्यक्ष लसीकरणात साडेसहाशेंमागे एकाला, हे कसे घडले? लस तीच आणि माणसाचे शरीरही तेच. फरक होता तो विचारण्यात. चाचणीत प्रत्येकाला रोज विचारले जात होते. लसीकरण केंद्रावर जो आपणहून सांगायला येईल, त्याचीच नोंद होत होती. अर्ध्या तासाची देखरेख संपवून माणूस घरी गेला, रात्री त्याला कणकण आली, सकाळी त्याने तापाची गोळी घेतली आणि तो कामावर हजर झाला. ही हकीकत कोणत्याही वहीत उतरली नाही.

तात्पर्य, त्या 580 या आकड्याने किरकोळ त्रासाचे खरे प्रमाण दाखविले नाही. किती जण सांगायला आले एवढेच त्याने दाखविले. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मोठी हानी होते. शंभरांतील एकालाही त्रास होत नाही असे वाचून जो कामगार लस घेतो आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यामुळे अंथरुणाला खिळतो, त्याला आपल्याला काही तरी भयंकर झाले आहे असे वाटू लागते. मग तो सरकारी आकड्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि त्याचे शेजारीही ठेवीत नाहीत. दोघांतील एकाला एक-दोन दिवस त्रास होतो, तो आपोआप जातो, हे त्याला आधीच सांगितले असते तर तोच ताप त्याने शांतपणे काढला असता.

आधी घडले म्हणून कारण ठरत नाही

विचारणा वाढली की नोंदी वाढतील आणि लोक घाबरतील, अशी शंका येथे घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. लस घेतल्यानंतर घडलेली प्रत्येक घटना लसीमुळे घडलेली नसते. एखाद्या वयोगटात वर्षाकाठी हजारी तीन मृत्यू होतात असे क्षणभर धरले, तर त्या गटातील चार लाख माणसांत लस नसतानाही रोज सरासरी तीन मृत्यू होतील. त्या चार लाखांना एकाच वेळी लस टोचली तर हे मृत्यू थांबणार नाहीत. ते लसीनंतरचे मृत्यू म्हणून वृत्तपत्रांत येतील.

म्हणूनच नोंदीला चौकशीची जोड द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत अशा घटनांची कारणांनुसार विभागणी केली जाते: लसीच्या अंगभूत गुणधर्मामुळे, लस बनविण्यातील दोषामुळे, टोचण्यातील चुकीमुळे, टोचणीच्या भीतीमुळे, किंवा निव्वळ योगायोगाने. यांतील भीतीचे कारण क्षुल्लक समजू नये. रांगेत एकाला भोवळ आली की ती पाहून आणखी चौघांना येते. ती भोवळ खोटी नसते, परंतु तिचा दोष कुपीतील द्रवाचा नसतो.

भारतात ही चौकशी करणारी राष्ट्रीय समिती आहे. तिने 2021 च्या जून महिन्यात 31 गंभीर घटनांचा निर्णय प्रसिद्ध केला. त्यांपैकी 18 योगायोगाच्या ठरल्या, एक भीतीमुळे झालेली ठरली, सातांबाबत निश्चित काही सांगता आले नाही, दोनांचे वर्गीकरण माहितीअभावी झाले नाही, आणि तीन लसीमुळे घडलेल्या ठरल्या. या तिघांपैकी एक 68 वर्षांचे गृहस्थ वावड्याच्या तीव्र प्रतिक्रियेने, म्हणजे वैद्यकात जिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात तिने, मृत्यू पावले. ही गोष्ट समितीने लपविली नाही. एक मृत्यू लसीमुळे झाला असे जी समिती उघडपणे सांगते, तिनेच इतर अठरा घटना लसीमुळे नव्हत्या असे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

परळची एक बाटली

नोंदीचे मोल महाराष्ट्राला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक असावयास हवे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून 107 जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले.

या 19 जणांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली ही नोंद होती म्हणूनच हे कळू शकले. ती नसती तर प्लेगची लस धनुर्वात करते एवढाच निष्कर्ष उरला असता. तरीही दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. टोचणीच्या जागी त्या बाटलीचे बूच काढण्यापूर्वी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, या गोष्टीला आरंभी पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यानंतर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. नोंद झाली, पण चौकशी निःपक्षपाती आणि त्वरित झाली नाही, तर केवढा अन्याय होतो याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण खास रुग्णालयांतील सेवकांचे आहे. अमेरिकेत 2003 साली आरोग्यसेवकांना देवीची लस देण्यात आली. सुमारे 38 हजार जणांनी ती स्वेच्छेने घेतली आणि त्यांच्यावर बारकाईने लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी 21 जणांना हृदयाच्या स्नायूचा किंवा आवरणाचा दाह झाल्याचे आढळले. त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या लसीचा हा धोका तोपर्यंत स्पष्टपणे ध्यानात आलेला नव्हता. हृदयविकार असलेल्यांना ही लस देऊ नये, अशी सूचना त्याच वर्षी निघाली.

रायपूरने विचारलेला प्रश्न

फेब्रुवारी 2021 मध्ये छत्तीसगडचे तत्कालीन आरोग्यमंत्री टी. एस. सिंहदेव यांनी कोव्हॅक्सिन ही लस राज्यात पाठवू नये असे केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना लिहिले. तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष अद्याप आलेले नाहीत आणि कुपीवर मुदत छापलेली नाही, असे दोन आक्षेप त्यांनी मांडले. केंद्राने ते निराधार ठरविले. मार्चमध्ये चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष आले आणि लसीवरील विशेष अटी उठल्या.

या वादात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. अटी लागू असेपर्यंत कोव्हॅक्सिन घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या सात दिवसांत झालेला त्रास लिहिण्यासाठी एक तक्ता दिला जात होता. अनेकांना तो अविश्वासाची खूण वाटला. वस्तुतः तो तक्ता ही त्या अटींतील सर्वांत चांगली गोष्ट होती. अटी उठल्यानंतर तो नाहीसा होण्याऐवजी प्रत्येक लसीबरोबर दिला जावयास हवा होता.

काय करावे

रुग्णालयातील सेवकांना हेपॅटायटिस-बी आणि इन्फ्लुएंझा यांच्या लसी आजही दिल्या जातात, आणि पुढची साथ आली की पहिली रांग पुन्हा त्यांचीच लागेल. पंडरीसारख्या जिल्हा रुग्णालयात सात दिवसांची विचारणा करणे मुळीच कठीण नाही. माणसे तीच असतात, रोज त्याच दारातून आत येतात, आणि कोविडच्या वेळी तर त्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक आधीच नोंदलेले होते. लक्षावधी नागरिकांच्या बाबतीत जे अवघड आहे, ते येथे एका परिचारिकेला आणि एका वहीला जमण्यासारखे आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी प्रत्येकाला विचारावे, आणि कुपीचा गट क्रमांक त्याच ओळीत लिहावा.

मात्र यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, विचारणा सर्वांची व्हावी. कंत्राटी सफाई कामगाराचे नाव अनेकदा रुग्णालयाच्या हजेरीपटावर नसते. म्हणून ते लसीच्या वहीतूनही गळू नये. दुसरी, ताप आला असे सांगणाऱ्याची रोजी बुडू नये. ज्याचा एक दिवसाचा पगार कापला जाणार आहे, तो अंगदुखी गिळून झाडू हाती घेईल आणि वहीत त्रास नाही असे लिहिले जाईल. लसीच्या दुसऱ्या दिवशी गरज पडल्यास पगारी विश्रांती देणे हे म्हणूनच दयेचे काम नसून खऱ्या नोंदीची ती पूर्वअट आहे. तिसरी, नोंदीचा निष्कर्ष सांगणाऱ्यांपर्यंत परत यावा. किती जणांना ताप आला, कितींचा हात दुखला, कोणाला रुग्णालयात ठेवावे लागले आणि त्याची चौकशी कोठवर आली, हे महिन्याकाठी रुग्णालयाच्या फलकावर हिंदीत आणि छत्तीसगढीत लावावे.

रुग्णालयातील आया आपल्या वस्तीत परत जाते तेव्हा लस घ्यावी की नाही हे शेजारणी तिलाच विचारतात. त्या वेळी तिच्यापाशी ऐकीव गोष्टी असाव्यात की स्वतःच्या रुग्णालयातील खरे आकडे असावेत, हे ठरविणे रुग्णालयाच्या हाती आहे. तिला सात दिवस विचारले गेले असेल आणि इतरांचेही काय झाले हे तिला सांगितले गेले असेल, तर तिच्या शब्दाला वस्तीत जे वजन येईल ते कोणत्याही जाहिरातीला येणार नाही.