गॅलरीला लागलेल्या काचा

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडची आर्ट डेको घरे 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. गॅलऱ्यांना लागलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा मात्र मुंबईभर अशा घरांवर दिसतात. शहराची वारसा नियमावली 1995 ची. शहराच्या वारसा यादीतल्या इमारतीचा दर्शनी भाग बदलायचा तर महापालिका वारसा समितीचा सल्ला घेते. मोठे प्रकल्प समितीच्या टेबलावर पोहोचतात. एसीचा डबा, बदललेली खिडकी, गोलाईदार छज्ज्यावर ठोकलेला पत्रा बहुधा कुणाला न विचारताच बसतो. रहिवाशांना दोष देणे सोपे आहे. पण पावसाची झड घरात येते, आणि जुन्या धर्तीची चौकट घडवणारा सुतार आणायचा कुठून? समितीने नुसता नकार कळवू नये. चालतील अशा खिडक्यांचे नमुने द्यावेत आणि किरकोळ दुरुस्तीला आठवड्यात परवानगी द्यावी.