अर्ज वैशाखात, सही आषाढात

धोक्याचे झाड पाडावे की घरट्यातली पिल्ले राखावीत, हा वाद दर उन्हाळ्यात आपल्या गल्लीबोळांतून रंगतो. एक तट म्हणतो, "माणसापेक्षा पाखरू मोठे झाले काय?" दुसरा म्हणतो, "झाडाला कुऱ्हाड लावणारा तो कसाई!" माझे म्हणणे असे, की हा वादच खोटा आहे. माणूस आणि पाखरू यांत निसर्गाने भांडण लावलेले नाही. ते लावले आहे कचेरीच्या दिरंगाईने आणि घरमालकाच्या आळसाने.

जे झाड आपल्याला धोक्याचे, तेच पाखरांना सोयीचे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. गटार खोदताना मुळे तुटतात, बुंध्याभोवती काँक्रीट ओतले जाते, फांदी वेडीवाकडी तोडली की जखमेतून पाणी मुरते आणि खोड आतून कुजत जाते. माणसाच्या डोळ्यांनी ते पोकळ झाड. पोपटाच्या आणि पिंगळ्याच्या डोळ्यांनी ती आयती ढोली. वठलेल्या फांदीत तांबट भोक पाडतो. खानापूरच्या रानात धनेशाची मादी तर ढोलीचे तोंड लिंपून आठवडेच्या आठवडे स्वतःला आत कोंडून घेते. मग धोक्याच्या झाडावर घरटे सापडले, यात नवल ते कोणते?

दुसरी गोष्ट पंचांगाची. पोपट माघ-फाल्गुनातच ढोली धरतो, कावळा वैशाख-ज्येष्ठात काटक्या जमवतो, बगळे पावसाच्या तोंडावर वसाहत मांडतात. आणि वळवाचे वारेही नेमके चैत्र-वैशाखातले. पहिल्या वावटळीत फांदी करकरली की घरमालकाला जाग येते. तेव्हा तो अर्ज करतो. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो, साहेब 'फिल्डवर' असतात, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला कन्नड येवो न येवो, 'नाळे बन्नी' एवढे तरी पाठ होते. सही मिळते आषाढात. तोवर एक तर झाड कौलांवर आलेले असते, नाहीतर घरटी भरलेली असतात.

कायदे नाहीत म्हणावे तर तसेही नाही. चंदगडकडच्या खेड्यात महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, बेळगावात कर्नाटकाचा १९७६ चा, चोर्ला घाट उतरून सत्तरीत गेले की गोव्याचा १९८४ चा. एका दिवसाच्या वाटेवर तीन कायदे! त्यांवर देशभर एकच असलेला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. पण झाडाचा अर्ज घेताना सहसा उतारा मागतात, जात आणि घेर विचारतात. फांदीवर घरटे आहे काय, हे कोण विचारतो? म्हणजे एक खाते ज्याला परवानगी देते, त्याच कामाला दुसरा कायदा गुन्हा ठरवू शकतो.

याचा परिणाम काय होतो तो देशाने पाहिला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना घरट्यांनी भरलेले झाड यंत्राने आडवे केले. पाखरे आणि पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. पुढे वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. पण मेलेले पिल्लू गुन्हा नोंदवून उठत नाही. तोच ६६ क्रमांकाचा महामार्ग गोव्यातून आणि कारवारवरून जातो, हे आपण विसरू नये.

आता घरच्यांनाही चार शब्द. परवानगीचा त्रास नको म्हणून रात्री बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून विष घालणारे महाभाग आपल्यातच आहेत. झाड वठले की तेच अर्ज करतात, "झाड धोक्याचे आहे." आणि अर्ज मराठीत स्वीकारला नाही म्हणून तावातावाने बोलणारे, तो तीन महिने आधी करायचा होता हे सांगत नाहीत. भाषेची तक्रार खरी आहे. पंचनाम्यावर काय लिहिले आहे हे सही करणाऱ्या म्हातारीला वाचता आलेच पाहिजे. परंतु भाषेच्या तक्रारीआड आळस लपवू नये.

कोणी म्हणेल, वादळ काही सांगून येते काय? नसेल येत. पण कुजलेले खोड, उचललेली मुळे आणि खोडावरची अळंबी आधीपासून सांगत असतात. त्यासाठी झाडे पाहायची ती कार्तिक ते पौष या दिवसांत. पाऊस सरलेला, बहुतेक घरटी रिकामी, वळीव अजून दूर. गावोगावच्या अधिकाऱ्यांनी हीच पाहणीची वेळ ठरवावी. अर्जात घरट्याचा एक रकाना घालावा. उत्तर लेखी द्यावे, तारखेसह, आणि अर्जदाराला कळेल अशा भाषेत. ऐन हंगामात धोका निघालाच, तर वनखात्याचा माणूस बोलावून दोन दिवसांत निकाल लावावा. झाडाखालची ये-जा बंद करता येते, टेकू देता येतो, घरटे नसलेली धोक्याची फांदी तेवढी उतरवता येते. कावळ्याचे पिल्लू महिन्याभरात उडते. तेवढे थांबणे शक्य असेल तिथे थांबावे. जिथे खाली माणसे झोपतात आणि थांबणे शक्यच नाही, तिथे झाड पाडावेच. पण ते उघड, जाणकार हातांनी आणि पिल्लांची सोय लावून.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. फराळ झाला की परसात जा, मान वर करून झाड नीट पाहा, आणि अर्ज आत्ताच लिहा. वैशाखात केलेला अर्ज हा अर्ज नव्हे, ती घाबरलेल्या माणसाची आरोळी आहे. आणि आरोळीवर सही करायला कोणतीही कचेरी वेळेवर येत नाही.