इंचांचा हिशेब

मागच्या अंकातला आमचा वाय-फायवरचा लेख वाचून तिघाचौघांचे फोन आले. प्रश्न मात्र सगळ्यांचा भलताच आणि एकच : "टॅब्लेट घ्यायचाय, किती इंची घेऊ?" थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये आठ इंचांपासून चौदा इंचांपर्यंत ओळीने मांडलेले टॅब्लेट पाहून भलेभले गोंधळतात. आम्ही तर इंजिनिअर, इथे येऊन एम. एस. केलेले, तरी या परीक्षेत सपशेल नापास झालो. ती हकीकत आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला आईसाठी टॅब्लेट पाठवला. वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पडदा जितका मोठा तितकं बरं, असा विचार करून चांगला १३ इंची घेतला. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्हाला दिसायचं ते आईचं कपाळ आणि छताचा पंखा. मुलं ओरडायची, "आजी, नीट धर ना!" आई म्हणायची, "धरलाय रे बाळा." हळूहळू कॉल पाच मिनिटांत आटपायला लागला. आम्हाला वाटलं, आईला आता बोलायचाच कंटाळा येतो.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा उलगडा झाला. आईच्या मनगटांना संधिवात. टॅब्लेटचं वजन सहाशे ग्रॅमच्या वर, कव्हरसकट किलोच्या जवळ. बिचारी तो मांडीवर आडवा ठेवून बोलायची, म्हणून पंखा! "अगं, आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "एवढा महागाचा पाठवलास, नको कसं म्हणू?" यावर आम्ही काय बोलणार?

तेव्हा मंडळी, पहिला प्रश्न इंचांचा नाहीच. टॅब्लेट हातात धरणार की टेकवून ठेवणार, हे आधी ठरवा. साधारण आठ इंची टॅब्लेट तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो, अकरा इंची पाचशेच्या आसपास. घरच्या घरी परीक्षा करायची असेल तर तेवढ्या वजनाची तांदळाची पिशवी पंधरा मिनिटं हातात धरून बसा. खात्री पटेल.

दुसरी गोष्ट, हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, लांबी किंवा रुंदी नव्हे. म्हणून आठ आणि अकरा यांत तीनच इंचांचा फरक वाटला तरी अकरा इंची पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट भरतं. त्यात पडद्याचा आकारही बघायचा. ४:३ पडद्यावर १६:९ चा सिनेमा लावला तर पाव पडदा काळाच राहतो. १६:१० पडद्यावर फक्त एक दशांश वाया जातो. उलट पुस्तकाच्या पानाला ४:३ जास्त सोयीचा.

तिसरी गोष्ट वाचनाची. साधं ई-पुस्तक असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आठ इंचही पुरतात. पण जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती म्हणजे पानाचे फोटोच. त्यात अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. इथे फूटपट्टी घ्या. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पुस्तकाचा कर्ण दहा इंच भरतो, म्हणजे अकरा इंची पडद्यावर ते पान मूळ आकारात मावतं. आठ इंचीवर ते आक्रसतं आणि आपले वेलांट्या-उकार नि जोडाक्षरं वाचताना डोळे शिणतात. इथल्या लेटर साइज कागदाचा कर्ण जवळजवळ चौदा इंच. म्हणून गणेशोत्सवात पेटीच्या साथीला बसून नोटेशन वाचायचं असेल किंवा मुलांना पेनने गणितं सोडवायची असतील, तर १३ इंची उत्तम. तो स्टँडवर किंवा टेबलावरच राहतो, वजनाची फिकीर नाही.

स्वयंपाकघरात रेसिपी बघायला अकरा इंची बरा. ओट्यापासून अंतर दुप्पट झालं की अक्षर निम्मं दिसतं, हे ध्यानात ठेवा. प्रवासात आणि लहान मुलांच्या हातात आठ इंची.

आईचं काय केलं? मोठा टॅब्लेट तिच्या पोथीच्या लाकडी स्टँडवर बसवला, त्यावर ती सकाळी वाचते. बोलायला आठ इंची आणून दिला. आता रविवारी तिचा पूर्ण चेहरा दिसतो, कॉल पाऊण तास चालतो आणि आटपतं घ्यायची घाई आम्हालाच करावी लागते.

या दिवाळीत कुणासाठी टॅब्लेट पाठवणार असाल तर दुकानात जायच्या आधी एक फोन करा. "डोळे कसे आहेत?" हे आपण विचारतोच. "हात कसे आहेत?" हेही विचारा.